जतच्या वस्तीवरची पहिली-दुसरी: एका नव्या शिक्षिकेच्या पहिल्या वर्षाचं प्रकरण

"पट 34, उपस्थित 29. पहिली-दुसरीचे अध्यापन परिणामकारक नाही. वर्गनियंत्रण कमी. सुधारणा अपेक्षित."

2024 च्या जुलैमध्ये जत तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेच्या लॉगबुकात, म्हणजे भेटीच्या शेऱ्यांच्या वहीत, हा शेरा मी लिहिला. शाळेत होतो साधारण पन्नास मिनिटं. त्यातली वीस पोषण आहाराचा साठा आणि नोंदवही ताडून बघण्यात गेली, दहा चहात. उरलेल्या वेळात वर्गाच्या दारात उभं राहून जे दिसलं ते लिहिलं. शेऱ्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी पुढचे दोन महिने त्या शाळेत जे बिघडत गेलं त्यात या तीन ओळींचा वाटा मोठा होता, आणि ते मला कळायला सप्टेंबर उजाडला.

मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा. माझ्या केंद्रात त्या वर्षी पवित्र या सरकारी पोर्टलवरच्या शिक्षकभरतीतून तीन नवे शिक्षक आले. हे टिपण त्यातल्या एका बाईंचं आहे. शाळेचं, गावाचं, कुणाचंच नाव दिलेलं नाही. बाईंनी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या गुरुजींनी मजकूर वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे. ती ठिकाणं पुढं येतील.

शाळा आणि बाई

सांगली जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कृष्णाकाठ येतो, ऊस येतो, हळद येते. जतचा पूर्व भाग त्यात बसत नाही. संख-उमदीच्या पट्ट्यात माळ, डाळिंबाच्या बागा, माडग्याळी मेंढरं आणि टँकरची वाट बघणारी गावं. पलीकडे कर्नाटक. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा राज्यभर बातम्या झाल्या. इथल्या लोकांना त्याचं फार नवल वाटलं नाही, कारण पाण्यासाठी तसे ठराव पूर्वी त्यांनीच केले होते. घरात कन्नड, बाजारात दोन्ही, कचेरीत मराठी, असा इथला व्यवहार. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळाही आहेत, पण या वस्तीवरची शाळा मराठी माध्यमाची. पहिलीला येणाऱ्या बहुतेक मुलांना मराठीतलं "ये" आणि "बस" एवढंच कळतं.

पहिली ते चौथी, पट 34, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागदावर कमतरता नाही. प्रत्यक्षात प्रभारी मुख्याध्यापक तिसरी-चौथी घेतात आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेबाहेर असतात. कधी बैठक, कधी प्रशिक्षण, कधी यू-डायसची ऑनलाइन माहिती, कधी आधार दुरुस्ती, त्या वर्षी तर अपार आयडीचं, म्हणजे मुलांच्या ओळख क्रमांकाचं, नवं काम आलेलं. ते गेले की चारही वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे. तो दुसरा शिक्षक म्हणजे नव्या बाई.

बाई लातूर जिल्ह्यातल्या. डी.एड. होऊन बरीच वर्षं झालेली. भरती बंद होती तोवर एका खासगी शाळेत शिकवलं, लग्न झालं, मुलगी झाली. 2023 च्या सुरुवातीला शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दिली आणि वर्षभराने नेमणूक मिळाली ती इथं. मुलगी सासूबाईंकडे गावी ठेवून त्या जवळच्या मोठ्या गावात खोली घेऊन राहिल्या. एसटी सकाळी एकच, ती चुकली तर वडाप, म्हणजे खासगी जीप.

त्या शिक्षणसेवक आहेत. बाहेरच्या वाचकासाठी हे सांगायला हवं. आपल्या राज्यात नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो. ते मानधन बरीच वर्षं 6000 रुपये होतं, जानेवारी 2023 पासून 16000 झालं. तीन वर्षांचं काम समाधानकारक ठरलं की मग नियमित वेतनश्रेणी. आणि समाधानकारक ठरवणारा कागद मुख्याध्यापकांकडून निघून माझ्या टेबलावरून पुढं जातो. मी शाळेच्या दारात उतरलो की त्यांना आधी हा कागद दिसतो. मला वाटत होतं, त्यांना मी दिसतो.

मानधनही नाव प्रणालीत चढेपर्यंत रखडलं. पहिले पैसे हातात पडले ते गणपतीत.

"सगळं व्यवस्थित आहे, सर"

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम राजीनामा द्यायचं म्हणतायत. तुम्ही एकदा बोला." मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाई उभ्या राहिल्या, खुर्ची पुढं केली. काही अडचण आहे का विचारलं. "नाही सर, सगळं व्यवस्थित आहे." पाठाचं टाचण दाखवलं: तारीखवार, अक्षर सुरेख, शैक्षणिक साहित्य या रकान्यात तक्ते आणि फ्लॅशकार्ड. वर्गात त्यातलं काही चाललेलं दिसत नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. "काही लागलं तर फोन करा" म्हणून मी निघालो. फोन येणार नाही हे गाडीला किक मारतानाच कळत होतं.

आपल्याकडे नव्या शिक्षकाला आधार नाही असं म्हणता येणार नाही. जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था (डाएट) आहे, तालुक्याचं गट साधन केंद्र आहे, महिन्याची शिक्षण परिषद आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दरवर्षी 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. 2022 साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने शिक्षकांच्या मार्गदर्शनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याची निळी पुस्तिका काढली, सुरुवातीला तीस केंद्रीय शाळांत ते राबवायला घेतलं. पुस्तिका वाचण्यासारखी आहे. पण या सगळ्यात नवा शिक्षक कुठंतरी जाऊन ऐकतो, किंवा कुणीतरी येऊन त्याला तपासतो. बुधवारी सकाळी अकरा वाजता पहिलीतलं पोर रडतंय, दुसरी रिकामी बसली आहे आणि चौथीतल्या दोघांची मारामारी लागली आहे, त्या वेळी बाईंच्या शेजारी कुणी नसतं.

एक जुनी गोष्ट आठवते. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः करत शिकायच्या) वर्गांसाठी राज्यभर झालं, तेव्हा आम्हीही गाडी करून बघायला गेलो होतो. मुलं जमिनीवर गटागटांत बसून आपलं आपण काम करत होती, बाई मधून फिरत होत्या. आम्ही भारावून परत आलो आणि पहिलं काम काय केलं, तर फरशा रंगवल्या. रंग दोन पावसाळे टिकला. तिथल्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून काय काय खटपट केली असेल ते एका दिवसाच्या भेटीत दिसणार कसं, आणि आम्ही विचारलं तरी कुठं होतं?

गुरुजींच्या अटी

माझ्या केंद्रात एक गुरुजी आहेत. बाईंच्या शाळेपासून चार किलोमीटरवर त्यांची शाळा. घरी कन्नड, शिक्षण मराठीत. 2001 साली वस्तीशाळेवर निमशिक्षक, म्हणजे मानधनावरचे शिक्षक, म्हणून हजार रुपयांवर लागले. शाळा म्हणजे एका शेतकऱ्याची पडवी. नियमित व्हायला 2014 साल उजाडलं. मानधनावर दिवस काढणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांना मी म्हटलं, "गुरुजी, त्या मॅडमना जरा मार्गदर्शन करा." ते म्हणाले, "मार्गदर्शन म्हंजे काय करायचं ते सांगा. फॉर्म भरायचा असंल तर मला नको."

मग त्यांनीच अटी घातल्या. ते बाईंच्या वर्गात बसतील, पण काय बघितलं ते मला सांगणार नाहीत. मी विचारायचं नाही. लॉगबुकात त्यांची सही नसेल. बाईंनी "आज येऊ नका" म्हटलं तर ते जाणार नाहीत आणि कारण विचारणार नाहीत. आणि पहिल्या दोन महिन्यांत मी त्या वर्गात पाऊल टाकायचं नाही.

शेवटची अट मला टोचली. केंद्रप्रमुखानं शाळेत जायचं नाही? पण नीट विचार केल्यावर लक्षात आलं, की ज्याच्या हातात शेरा आहे त्याच्यापुढं "मला येत नाही" हे वाक्य कुणी उच्चारत नाही. मी कितीही गोड बोललो तरी. आणि हे वाक्य उच्चारल्याशिवाय बाईंची गाडी पुढं सरकणार नव्हती. मी मान्य केलं. पोषण आहाराच्या तपासणीला गेलो की ऑफिसच्या खोलीतूनच परतायचो.

एक दिवसाआड जाणं शक्य नव्हतं. ठरलं ते असं: दर दुसऱ्या बुधवारी गुरुजी मधल्या सुट्टीपर्यंत बाईंच्या शाळेत, मधे महिन्यातून एखाद्या दिवशी बाई त्यांच्या शाळेत. हालचाल रजिस्टरला नोंद "केंद्रांतर्गत शैक्षणिक कामासाठी". गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी तोंडी.

एकवीस आणि इप्पत्तोंदु

पहिल्या बुधवारी काय झालं ते मला फार नंतर, बाईंच्याच तोंडून कळलं. गुरुजी आले आणि मागच्या भिंतीला टेकून, पोरांच्या ओळीत खाली बसले. बाईंनी खुर्ची देऊ केली, त्यांनी घेतली नाही. पूर्ण सकाळ एक शब्द बोलले नाहीत. शेजारच्या पोराची पाटी बघत होते फक्त. बाईंचे हात कापत होते. इथं बाईंनी मला दुरुस्त केलं: मी "घाबरल्या होत्या" लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, घाबरले नव्हते, राग आला होता, आणखी एक तपासणारा आला म्हणून.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी खिशातून कागद काढला. त्यावर दुसरीतल्या एका मुलाने लिहिलेले आकडे होते. बाईंनी सांगितलं होतं एकवीस, त्याने लिहिलं होतं 12. सांगितलं होतं पस्तीस, लिहिलं होतं 53. एकोणतीसला 13. बाईंनी त्यावर फुल्या मारल्या होत्या. त्यांची समजूत अशी, की पोराला अंक ओळख नाही, पहिलीपासून घ्यावं लागणार.

गुरुजींनी त्या पोराला हाक मारली आणि कन्नडमधून विचारलं, घरी शेरडं किती? पोरगं म्हणालं, "इप्पत्तोंदु." लिही म्हटलं. त्याने 21 लिहिलं.

"पोरगं चुकत न्हाई, मॅडम," गुरुजी म्हणाले. "कानानं ऐकतंय तसं लिवतंय."

यातली मेख मराठी माणसाच्या सहजासहजी ध्यानात येत नाही, कारण आपल्याला ते लहानपणीच पाठ झालेलं असतं. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, एक नंतर. ऐकणं एका दिशेनं, लिहिणं उलट्या. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो दोन. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, मिळून इप्पत्तोंदु. एकोणतीसला इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. जसं बोलायचं तसंच डावीकडून लिहायचं. बाजारात बापाबरोबर शेरडं मोजणारं पोर शंभरापर्यंत कन्नडमधून बिनचूक जातं आणि मराठी वर्गात त्याला अंक ओळख नसते.

गुरुजींनी हसत आणखी एक आठवण काढली. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वर्तमानपत्रं, टीव्ही, विधानसभा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते म्हणून जोडीला सोपी रीत दिली आहे. "तिकडं भांडणं चालली हुती," गुरुजी म्हणाले, "आणि आमची पोरं वीस एक कवाच बोलत हुती. कन्नडमधी."

त्या दिवशी त्यांनी बाईंना एकच काम दिलं. पंधरा दिवस फक्त दुसरीला, फक्त दहा मिनिटं, काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. पोरानं गठ्ठे आणि सुट्या आधी कन्नडमधून म्हणायच्या, मग "वीस आणि एक", मग "एकवीस", मग लिहायचं. बाकी वर्ग जसा चाललाय तसा चालू दे. वर्गनियंत्रण, तक्ते, टाचण, कशालाच हात लावायचा नाही.

मला हे ऐकून वाटलं होतं, एवढंच? शाळेत शंभर गोष्टी बिघडलेल्या. पण माझा शेरा शंभर गोष्टींवर होता, आणि "सुधारणा अपेक्षित" म्हटल्यावर बाईंनी कुठून सुरुवात करायची होती?

दुसऱ्या खेपेला श्रुतलेखनाच्या वह्या निघाल्या. घरला "गर", भाजीला "बाजी", फुलाला "पूल". बाईंनी प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावला होता. खेड्यातल्या कन्नड बोलण्यात घ, भ, फ, ध हे महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह म्हणायचे वर्ण, बहुतेक साधेच उच्चारले जातात. पोराच्या कानाला ग आणि घ हा फरक अजून ऐकूच येत नाही, तर हाताने तो दहा वेळा लिहून काय होणार? गुरुजींनी तोंडापुढं कागदाचा कपटा धरून दाखवला: घ म्हटलं की कपटा हलतो, ग म्हटलं की जेमतेम. पोरांना तो खेळ इतका आवडला की आठवडाभर वर्गात कपटेच कपटे. शिवाय "माझा वही" आणि "तो खुर्ची". कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. वही ती का आणि कागद तो का, याला मराठीत तरी काय उत्तर आहे? ते तूर्त सोडून द्या, असं गुरुजी म्हणाले. चौथीपर्यंत कानाला सवय होते.

जे फसलं

गुरुजींचा प्रत्येक सल्ला लागू पडला असं मुळीच नाही. ऑक्टोबरात त्यांनी बाईंना सांगितलं, परिपाठात एक कन्नड गाणं घ्या, पोरं खुलतील. पोरं खुलली. चौथ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक येऊन उभे राहिले. "अक्कोरु, कन्नड पोरगं घरी शिकतंय की. मराठी यावी म्हणून इथं घातलंय. कन्नडच पाहिजे असती तर तिकडच्या शाळेत घातलं नसतं का?" अक्कोरु म्हणजे इकडच्या कन्नडमध्ये बाई. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मराठी शाळा ही त्यांची विचारपूर्वक केलेली निवड होती; पुढं सांगली-मिरजेला शिक्षण, भरती, नोकरी, सगळं मराठीत.

बाई पुन्हा कोसळल्या. गुरुजींनी यात आपली चूक कबूल केली, आणि पालकांसमोर जाऊन कबूल केली. त्याच बैठकीत काड्यांचे गठ्ठे मांडून दाखवले: कन्नड कुठं लागते आणि कुठं सोडून द्यायची. गाणं बंद झालं, गठ्ठे राहिले. बाईंना मी नंतर विचारलं, त्या दिवशी काय वाटलं? म्हणाल्या, "चूक झाली तर माणूस मरत नाही, हे पहिल्यांदा बघितलं."

नोव्हेंबर पाण्यात गेला. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, दोन्ही शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये अशैक्षणिक कामांना बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. सहा मुलं आई-बापाबरोबर वाळवा आणि कोल्हापूरकडे गेली, त्यात गठ्ठ्यांत सगळ्यात पुढं गेलेला तो शेरडंवाला मुलगाही. आजी घरी होती, पण तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, तिच्याजवळ ठेवणार कसं?

उपस्थिती घसरली तशा बाई पुन्हा स्वतःकडे बोट दाखवायला लागल्या. माझं शिकवणं कमी पडलं म्हणून पोरं गेली. नव्या शिक्षकात हे हमखास दिसतं: वर्गात जे जे घडतं ते सगळं आपल्यामुळे. गुरुजींनी त्यांना आपल्या शाळेची 2003 पासूनची हजेरी काढून दाखवली. दर नोव्हेंबरात तोच खड्डा, दर एप्रिलात थोडी भर. समजूत घालण्यापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडली असं बाई सांगतात.

चार वर्ग एकटीनं सांभाळायचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. मुख्याध्यापक नसतील त्या दिवसासाठी गुरुजींनी एक ढाचा दिला: पहिला तास चारही वर्गांना एकच गोष्ट, मग प्रत्येक वर्गाला त्याच गोष्टीवर वेगळं काम, पहिलीला चित्र, चौथीला प्रश्न बनवणं, चौथीतली दोन मुलं पहिलीच्या गटात दुभाषी म्हणून. जानेवारीपर्यंत बाई यात तरबेज झाल्या. पण तिसरी-चौथीचं गणित त्या दिवशी बुडतंच, आणि असे दिवस आठवड्याला एक-दोन. हा शिक्षकाच्या कौशल्याचा प्रश्न नाही. बाईंना घडवून तो सुटणार नाही, आणि मुख्याध्यापकांचा दोष म्हणावा तर त्यांनाही बोलावणारे आम्हीच.

बाकीच्या दोन जोड्या

गुरुजींचं बरं चाललंय असं बघून मी ऑक्टोबरात उरलेल्या दोन नव्या शिक्षकांनाही ज्येष्ठांशी जोडून दिलं. या वेळी मात्र मला राहवलं नाही आणि महिन्याचा एक पानी अहवाल मागितला. एका जोडीचे अहवाल वेळेवर आले, शब्दशः एकसारखे. दुसऱ्या जोडीत ज्येष्ठ सरांनी आपल्या शाळेची सगळी ऑनलाइन माहिती नव्या पोराकडून भरून घ्यायला सुरुवात केली. "त्याला येतंय की पटापट," असं त्यांचं म्हणणं. तो पोरगा रात्री अकरापर्यंत दुसऱ्याच्या शाळेचं लॉगिन घेऊन बसायचा आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या शिक्षकाला संगणक येतो, ही त्याच्या वाट्याची मोठी आपत्ती आहे. डिसेंबरात ती जोडी मी मोडली.

गुरुजींची आणि बाईंची जोडी टिकली, त्यात गुरुजींचा स्वभाव किती आणि अटी किती, हे मला वेगळं काढता येत नाही. स्वभाव प्रत्येक केंद्रात मिळेलच असं नाही. अटी मात्र कुठल्याही केंद्रात पाळता येतील. आणि त्यातली सगळ्यात जड अट माझ्यासारख्यानं पाळायची आहे. बघितलेलं वर कळवायचं नाही. आमच्या सगळ्या नोकरीची घडणच कळवण्यावर आहे.

पैशांचा भागही सोडून चालणार नाही. सप्टेंबरात थकलेलं मानधन एकदम मिळाल्यावर बाई पहिल्यांदा रात्री नीट झोपल्या. त्याआधीचे तीन महिने खोलीचं भाडं त्या माहेरून मागवत होत्या. त्या काळात कुणीही शेजारी बसून काही सांगितलं असतं तरी किती आत गेलं असतं?

एप्रिल

वर्षाच्या शेवटी, बाईंच्या परवानगीने, मी वर्गात बसलो. खाली, भिंतीला टेकून. दुसरीतली बहुतेक मुलं दोन अंकी संख्या मराठीतून ऐकून सुलट लिहीत होती. शेरडंवाला मुलगा मार्चअखेर परत आला होता. एकवीस बरोबर, एकोणतीसला अडखळला, ओठातल्या ओठात इप्पत्तोंबत्तु म्हणाला आणि मग लिहिलं. पहिलीत चार मुलं अजून बोलत नव्हती. वर्गात गोंगाट होता. जुलैमध्येही होता; तेव्हा त्याला मी "वर्गनियंत्रण कमी" म्हटलं होतं. या खेपेला ऐकलं तर पोरं गठ्ठ्यांवरून भांडत होती, निम्मं कन्नडमध्ये, निम्मं मराठीत. जुलैमध्ये कशावरून भांडत होती ते मी ऐकलंच नव्हतं.

गुरुजींची दुरुस्ती इथं आहे. मी मूळ मजकुरात लिहिलं होतं की बाई आता स्थिरावल्या. ते म्हणाले, ते खोडा. मुलगी लातूरला आहे तोवर त्या स्थिरावल्या म्हणू नका, बदलीचा अर्ज करता येईल त्या दिवशी त्या करणार, आणि त्यात त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू नये.

आता माझ्यापुढं वेगळाच प्रश्न आहे. मे महिन्यात गुरुजींच्या शाळेतले एक पालक भेटायला आले होते. त्यांचा मुलगा तिसरीत, गुरुजींच्याच वर्गात. शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचे गुरुजी चांगले आहेत म्हणून त्यांना दुसऱ्या शाळेला पाठवताय. मग आमच्या पोरांनी बुधवारी काय करायचं?" हिशेब केला तर वर्षात सतरा-अठरा सकाळी त्या वर्गाला गुरुजी नव्हते, सोबतच्या शिक्षिका दोन्ही वर्ग ओढत होत्या. जूनमध्ये केंद्रात आणखी एक नवे शिक्षक येतील असं दिसतंय, आणि त्यांच्यासाठीही मला गुरुजींचंच नाव सुचतंय. त्या पालकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.